हेड ऑफिसचं टार्गेट आणि रावेरची विहीर

प्रश्न असा आहे: "मी अमळनेरची. केमिकल इंजिनीअरिंग करून नुकतीच एका युरोपीय कंपनीच्या जळगावजवळच्या भाजीपाला-प्रक्रिया कारखान्यात पर्यावरण विभागात रुजू झाले. हेड ऑफिसने शाश्वततेचं धोरण आणि एक मोठी शीट पाठवली आहे. सगळ्या देशांतल्या कारखान्यांना तीच. तिच्यातल्या निम्म्या गोष्टी इथे बसत नाहीत. बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्या परदेशी उपकंपन्यांत हे नियम खरोखर बदलतात का? आणि बदलायचे तर किती?"

ताई, बदलतात, आणि बदलायलाच हवेत. पण त्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवा. एक, काय होऊ द्यायचं नाही ती मर्यादा. दुसरी, ती मर्यादा कशाने मोजायची आणि कोणत्या रस्त्याने पाळायची. मर्यादा कुठल्याच देशात सैल करायची नाही. माप आणि रस्ता मात्र इथलाच हवा. चोवीस वर्षं मी परदेशी कंपन्यांच्या उपकंपन्यांत हेच काम केलं, आधी धुळ्याला आणि नंतर रावेरच्या बाजूला. जे नुकसान पाहिलं ते बहुतेक उलट्या कारभाराने झालेलं होतं. "भारतात एवढं चालतं" म्हणत मर्यादा गुपचूप सैल केलेली, आणि माप मात्र जसंच्या तसं परदेशातून आणलेलं.

मर्यादेबद्दल मी एवढा हट्टी का, ते आधी सांगतो. भुसावळला गाडीत बसलं की खंडवा, इटारसी आणि मग भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, त्या युनियन कार्बाइड इंडियात अमेरिकी मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. तोच मिथाइल आयसोसायनेट मूळ कंपनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावीही बनवत होती. भोपाळमध्ये मात्र टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या रात्री बंद होती. नंतर वर्षानुवर्षं वाद चालला तो जबाबदार कोण यावर, मूळ कंपनी की उपकंपनी. आपला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्याच दुर्घटनेनंतर आला. माणसाच्या जिवाशी, विषारी रसायनाशी, आगीशी संबंध असलेल्या प्रत्येक बाबतीत दोन्हीकडचे नियम काढा, आपला कायदा आणि मूळ कंपनीच्या देशातला. त्यातला जो कडक असेल तो धरा. इथे 'स्थानिक परिस्थिती' हा शब्द कोणी उच्चारला तर थांबवा.

वरिष्ठ म्हणतील, कायदा मागतो त्यापेक्षा जास्त खर्च कशाला? त्यांना सांगायला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. ग्लेन डॉवेल, स्टुअर्ट हार्ट आणि बर्नार्ड येउंग यांनी अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्या तपासून २००० साली निष्कर्ष मांडला. सगळ्या देशांत स्वतःचा एकच कडक मापदंड पाळणाऱ्या कंपन्यांचं बाजारमूल्य, ज्या देशात जे चालतं तेवढंच पाळणाऱ्या कंपन्यांपेक्षा जास्त निघालं. ज्यांना फक्त पैशाची भाषा कळते त्यांच्यासाठी हा मुद्दा जवळ ठेवा.

आता मापाकडे येतो. तुमच्या शीटमध्ये पाण्याचं टार्गेट 'दर टन मालामागे किती लिटर' असं असणार. जवळजवळ सगळ्या कंपन्यांत तसंच असतं, कारण वेगवेगळ्या देशांतले कारखाने एका रांगेत लावायला ते सोपं पडतं. मी रावेरच्या बाजूच्या कारखान्यात होतो तेव्हा आमचा हा आकडा दरवर्षी खाली यायचा. हेड ऑफिसकडून प्रशस्तिपत्रकही आलं होतं. त्याच काळात आमचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं होतं. म्हणजे टनामागचं पाणी घटलं आणि बोअरमधून उपसलेलं एकूण पाणी वाढलं. शेजारच्या मळ्यातले एक आजोबा गेटवर येऊन म्हणाले, "साहेब, तुमनं पानी कमी व्हयनं म्हनतस, मंग मनी इहीर का बरं आटनी?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. शीटकडेही नव्हतं.

आपल्या जिल्ह्याची जमीन समजून घेतल्याशिवाय ते उत्तर सापडत नाही. तापीच्या उत्तरेला, रावेर-यावलकडे गाळाचा जाड थर आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा पट्टा, म्हणजे डोंगरावरून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा. तिथे पाणी झपाट्याने मुरतं, आणि त्याच मुरलेल्या पाण्यावर केळी उभी आहे. उपसा इतका की हे दोन्ही तालुके भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित म्हणून नोंदले गेले, आणि पुनर्भरणासाठी तापीच्या महाकाय योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये केला. तापी ओलांडून दक्षिणेला आलात की काळा पाषाण. तिथे पाणी भेगांमध्ये, विहिरी उथळ, पावसाळ्यानंतर भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात. एकाच जिल्ह्यात पाण्याचे दोन स्वभाव आहेत. हेड ऑफिसमधली माणसं ॲक्वेडक्टसारख्या पाणी-जोखमीच्या जागतिक नकाशावर रंग बघतात आणि कारखान्याला 'जास्त जोखीम' असा शिक्का मारतात. तो शिक्का खोटा नसतो, पण मार्चनंतर कोणती विहीर आधी आटते ते त्यावरून कळत नाही.

आम्हाला वाट सापडली ती धुळ्याकडच्या फड पद्धतीत. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था तुम्ही निदान ऐकली असेल. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. महत्त्वाचं हे की बंधाऱ्यात पाणी किती आहे ते आधी बघायचं आणि त्यावरून यंदा किती फड भिजवायचे ते ठरवायचं. पाणी कमी तर फड कमी. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या, म्हणून तुटीचा भार एकट्याच्या माथी येत नाही. कंपनीचं टार्गेट मालापासून सुरू होतं, फड पाण्यापासून सुरू होतो. पाण्याच्या बाबतीत उपकंपनीने करायचा बदल मला तरी हाच वाटतो, आणि तो फार मोठा आहे.

आम्ही केलं ते एवढंच. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पाच विहिरी त्यांच्या संमतीने निरीक्षणासाठी घेतल्या. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि पावसाच्या तोंडावर मे अखेरीला पाण्याची पातळी मोजायची, शेतकऱ्याच्या समोर, त्याच्याच वहीत. ऑक्टोबरच्या पातळीवरून वर्षाच्या एकूण उपशाची मर्यादा ठरवायची आणि उन्हाळ्यात जास्त पाणी लागणारं उत्पादन घ्यायचंच नाही. हेड ऑफिसच्या प्रणालीत हे भरायला रकानाच नव्हता. मग दोन वर्षं आम्ही दोन कागद पाठवले, एक त्यांचा आणि एक आमचा. तिसऱ्या वर्षी आमचा कागद त्या कारखान्याची अधिकृत पुरवणी म्हणून मान्य झाला. पाण्याच्या जबाबदार वापराचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, अलायन्स फॉर वॉटर स्ट्यूअर्डशिपचं, तेही कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाणलोटाकडे बघायला सांगतं. हेड ऑफिसला आपलं म्हणणं पटवताना त्या मानकाचं नाव घ्या. फड म्हटलं तर त्यांना कळणार नाही, पण त्या मानकातून शिरलात तर फडाचीच गोष्ट कळते.

आणि हा विषय नुसता सद्भावनेचा नाही. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचीमडाला कोकाकोलाच्या भारतीय उपकंपनीचा कारखाना २००० साली सुरू झाला आणि गावाच्या विहिरींवरून पेटलेल्या आंदोलनानंतर २००४ मध्ये बंद पडला. चार वर्षांत. गावाचं पाणी कागदावर नसलं तरी कारखान्याचं भवितव्य त्यावर ठरू शकतं.

दुसरी अडचण तुम्हाला लवकरच भेटेल. तुमची दोन टार्गेट एकमेकांशी भांडतील. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात अनेकदा शून्य सांडपाण्याची अट असते, म्हणजे सांडपाणी कारखान्याबाहेर सोडायचंच नाही. मग ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, पुढे आरओ, आरओचं उरलेलं खारट पाणी ते आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये, त्याला वाफ, वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. पाण्याचा रकाना हिरवा होतो तेव्हा कार्बनचा लाल. आमच्या वेळी ऊर्जेचा जागतिक प्रमुख फोनवर इव्हॅपोरेटरचे तास कमी करा म्हणायचा. ते करणं म्हणजे संमतीपत्राचा भंग होता. हे भांडण शीटवर मिटत नाही, कारखान्याच्या जमिनीवर मिटतं. फरशी पाण्याने धुण्याआधी कोरडी झाडून घेतली की माती आणि सालींचा भार निम्म्या वाटेतच अडतो. शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी मागे फिरवून पहिल्या धुण्याला वापरता येतं. आणि मिठाचं पाणी व साधं पाणी एका गटारात मिसळू दिलं नाही, तर इव्हॅपोरेटरकडे जाणारं पाणी फारच थोडं उरतं. आमच्याकडे याला नवं यंत्र फार लागलं नाही. लागली ती पाइपांची फेरमांडणी आणि तिन्ही पाळ्यांतल्या माणसांशी महिनोन्महिने बोलणं.

इंधनाची गोष्ट यातच येते आणि मला ती फार शिकवून गेली. कोळशाऐवजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या) वापरायचं आम्ही ठरवलं. खानदेशात कपाशी निघाली की पऱ्हाटी शेतात उभी राहते. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायला ती वेळेत उपटून काढायची असते आणि बरेच जण बांधावर जाळून टाकतात. म्हणजे इंधन आहे, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, अळीलाही आळा बसतो. हेड ऑफिसने नकार दिला. त्यांच्या जैवइंधन धोरणात शाश्वत जंगलाचं प्रमाणपत्र सक्तीचं होतं. ते धोरण लिहिणाऱ्यासमोर लाकडाच्या गोळ्या होत्या, पऱ्हाटी त्याने पाहिलेलीच नव्हती. नियमाचा हेतू जंगल तुटू नये हा, आणि पऱ्हाटीने जंगल तुटत नाही. आम्ही गावागणिक खरेदीची नोंद, शेताचा गट नंबर आणि वजनकाट्याची पावती अशी वेगळी पुराव्याची साखळी उभी केली. हेतू तोच ठेवून पुरावा बदलला आणि परवानगी मिळाली.

पण इथेच आमच्या हातून एक चूक झाली. पऱ्हाटी ही अनेक घरांत चुलीचं सरपण असते. आम्ही भाव देऊ लागलो आणि मजूर बायकांना पूर्वी फुकट मिळणारी पऱ्हाटी मिळेनाशी झाली. हे आम्हाला एका महिला कामगाराने सांगितलं, कुठल्याही ऑडिटने नाही. मग प्रत्येक शेतात एक हिस्सा न उचलण्याचा नियम केला आणि खरेदी दूरच्या गावांत पसरवली. तुमच्याही कारखान्यात असं काही होणार. म्हणून सांगतो, ऑडिटरआधी चूल सांभाळणाऱ्या बाईला विचारा.

विजेबद्दल थोडक्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. जलविद्युत आणि अणुऊर्जेवर चालणाऱ्या स्वीडनमध्ये हा आकडा अगदी किरकोळ. तीच मोटर तिथे चालवली तर स्वच्छ आणि इथे चालवली तर घाण दिसते. त्यात तुमच्या कामगारांचा दोष नाही, आणि हे हेड ऑफिसला लेखी कळवा. हरितगृह वायूंचा हिशेब मांडायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, त्या जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे विजेचे दोन्ही आकडे द्यावे लागतात, एक ग्रिडचा आणि एक तुम्ही करारावर घेतलेल्या विजेचा. नुसती हरित विजेची प्रमाणपत्रं विकत घेऊन दुसरा आकडा शून्य करण्याच्या मी विरोधात आहे. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या वापराच्या नियमांनी १०० किलोवॅटच्या ग्राहकालाही अशी वीज थेट करारावर घ्यायला दार उघडलं, पूर्वी ही अट १ मेगावॅट होती. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आपल्या डोळ्यांसमोर फिरतात. आपल्याच मुलखातली वीज करारावर घेण्याचा हिशेब आधी मांडा.

आता कामगार. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि शीटमधला उष्णतेचा प्रश्न ऑफिसातल्या एसीबद्दल असतो. गाडी भरणारा हमाल त्यात येतच नाही, कारण तो कंपनीच्या पटावर नाही. १९६९ चा माथाडी कायदा, माथाडी मंडळ, टोळी, मुकादम यातलं काहीच हेड ऑफिसच्या पर्यायांत नसतं. तिथे 'इतर' निवडून पुढे जाऊ नका. एक पान लिहून जोडा. दुपारचं लोडिंग पहाटे किंवा संध्याकाळी नेणं, सावली, पाणी, मीठ-साखरेचं पाणी हा इथला कामगार-सुरक्षेचा पहिला नियम आहे. तक्रारीच्या टोल-फ्री नंबराचंही तसंच. आमच्याकडे तो इंग्रजी आणि हिंदीत होता, तर सातपुड्यातून आलेल्या बायका पावरी किंवा भिली बोलणाऱ्या. वर्षभरात एकही तक्रार नाही, म्हणून अहवालात 'उत्तम' असं लिहून गेलं. त्यांच्यातलीच एक बाई दर आठवड्याला बसायला लागली तेव्हा तक्रारी आल्या, आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या.

या रिकाम्या 'उत्तम'ला अभ्यासकांनी नाव दिलं आहे. तात्याना कोस्टोवा आणि केंडल रॉथ यांनी २००२ मध्ये दाखवलं की उपकंपनी एकाच वेळी दोन घरांची असते, मूळ कंपनीची आणि ज्या देशात आहे त्या देशाची. वरून आलेली पद्धत तिथल्या लोकांना मनापासून पटली नाही आणि तरी राबवायचा दबाव राहिला, तर ती देखाव्यापुरती राबवली जाते; यालाच ते 'देखाव्यापुरता स्वीकार' म्हणतात. रजिस्टर भरलेलं, काम नाही. माझा अनुभव सांगतो की याला आळस कारण नसतो. नियम पाळणं अशक्य आहे हे वर सांगायची सोय नसते, म्हणून माणसं रजिस्टर भरतात. जिथे उपकंपनीच्या माणसाला स्वतःच्या सहीने नियम बदलण्याचा अधिकार आणि त्यासाठी थोडाफार पैसा असतो, तिथे देखावा कमी दिसतो. तुमच्या नेमणूकपत्रात हा अधिकार आहे का, ते आधी बघा.

सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च, आणि हे काम एक समजू नका. परदेशी वरिष्ठ नेहमी घोळ करतात, कारण त्यांच्याकडे सीएसआर ऐच्छिक असतं. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक आहे, आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. ईटीपीचा खर्च त्यात दाखवता येत नाही. शेअर बाजाराच्या नियामकाचा, सेबीचा, बीआरएसआर हा व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा झाला, पण तुमच्यासारखी बिगर-सूचीबद्ध उपकंपनी थेट त्यात येत नाही. म्हणून या अहवालाच्या बाबतीत तुमच्यावर नजर ठेवणारं इथे फारसं कोणी नाही. हे चांगलं नाही. त्यातल्या पाण्याच्या आणि कामगारांच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःहून भरून ठेवा.

माल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत नियम न्यायचे असतील तर जळगावातच धडा आहे. युरोपातल्या दुकानदारांनी १९९७ साली सुरू केलेलं युरेपगॅप, म्हणजे चांगल्या शेतीच्या पद्धतींचं मानक, पुढे ग्लोबलगॅप झालं. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला त्याची पूर्ण यादी एका दमात झेपत नाही. जैन इरिगेशनने करार शेतीतल्या कांदा उत्पादकांसाठी त्यावरून 'जैन गॅप' तयार केलं, जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या साथीने, लहान शेतकऱ्याला चढता येईल अशा पायऱ्यांनी. फवारणीची नोंद, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, औषधाचं कुलूपबंद कपाट, इथून सुरुवात. विषाबाबतची अट पहिल्याच पायरीवर असते, तिथे सवलत नाही. याच कंपनीने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये ती पूर्ण घेतली. म्हणजे मूळ कंपनी जळगावची आणि उपकंपनी परदेशात, असंही आपण पाहिलं आहे. हेड ऑफिस म्हणजे शहाणपणाचं उगमस्थान असं मनात धरून कॉलवर बसू नका.

तुम्हाला पहिल्या तीन महिन्यांत काय करता येईल ते सांगतो. शीटमधली प्रत्येक ओळ घ्या आणि तिचा हेतू मराठीत एका वाक्यात लिहा. हेतू लिहिता आला नाही तर ती ओळ कोणी लिहिली त्यालाच विचारा, ईमेलवर नाही, फोनवर. ज्या ओळी जीव, विष आणि आगीच्या आहेत त्यांना हात लावू नका. उरलेल्यांपैकी फक्त तीनच बदलायला घ्या, एकदम तीस नको. त्यातली पहिली पाण्याची असू द्या. मे संपायच्या आत कारखान्याभोवतीच्या पाच विहिरी निवडा, दोन नदीकडच्या, तीन वरच्या अंगाच्या, आणि मोजायला जाताना शेतकऱ्याला सोबत घ्या. दोरी आणि वजन पुरतं, यंत्र नंतर घेता येईल. काठावर ज्या दगडापासून मोजलंत त्याला रंगाची खूण करा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच ठिकाणाहून मोजलं जाईल आणि आकडे जुळणार नाहीत.